शिवेचा गाडा

कोरेगव्हाण हे गाव ऐतिहासिक आहे, असे आता सगळे सांगतात. ते खरोखर जुने होते तेव्हा कोणीच तसे म्हणत नसे. बारामतीहून इंदापूरकडे निघाले की उसाच्या पट्ट्यापलीकडे त्याची काळ्या दगडाची वेस दिसायची. वेशीला टेकून वीरगळ उभे होते, आणि त्यांच्यावर बायका शेणी वाळत घालायच्या. पुढे शहर पसरत पसरत वेशीशी आले आणि वीरगळांचे भाग्य उजळले: त्यांना भगवा ऑइलपेंट मिळाला. वेशीतून सिमेंटचे मिक्सर जाईनात, म्हणून तिची डावी भिंत पाडण्यात आली. इतिहासाची हानी होऊ नये ही काळजी मात्र घेतली गेली. पाडलेल्या वेशीची हुबेहूब फायबरची नक्कल 'गव्हाण हेरिटेज' या नव्या गृहसंकुलाच्या तोंडाशी उभी राहिली. त्या नकली वेशीत डोक्याला पगडी आणि कमरेला पत्र्याची तलवार लावून सुयोग दिवसभर उभा असे. मोटार आली की मुजरा करायचा आणि मग आडवा दांडा उचलायचा, ही त्याची नोकरी.

सुयोग हा सारजाचा मुलगा. गावाच्या पूर्वेला, शिवेलगतच्या माळावर धनगरांची जी दहाबारा घरे होती, त्यांतले एक सारजाचे. तिच्या सासऱ्याच्या काळात ही माणसे मेंढरे घेऊन फिरत, बागायतदारांच्या रानात रात्री कळप बसवत आणि लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घेत. गावाने त्यांना माळ दिला तो काही प्रेमापोटी नव्हे. त्या माळावरून दर आषाढात मरीआईचा गाडा जात असे, आणि ज्या वाटेने रोगराई बाहेर निघते त्या वाटेवर घर बांधायला दुसरे कोणी तयार नव्हते.

गाड्याची रीत अशी. आषाढातल्या एका मंगळवारी देवळापुढे लहानसा दोन चाकांचा गाडा उभा करायचा. घराघरातून लिंबाचा पाला, दहीभाताचा मुटका, हिरव्या बांगड्या, झिजलेली केरसुणी त्यात ठेवायची. गावातल्या एकाने दांडी खांद्यावर घ्यायची आणि गावाची सगळी इडापिडा ओढत शिवेपर्यंत न्यायची. शिवेवर माळावरच्या धनगरांनी पलीकडची माणसे म्हणून सामोरे येऊन त्या दांडीखाली आपला खांदा घालायचा. मग गावाने पाठ फिरवायची आणि मागे वळून न बघता घरी जायचे. पलीकडचे लोक गाडा पुढच्या गावाच्या, बोरकसच्या, शिवेवर नेऊन देत, आणि बोरकसवाले आणखी पुढे. शेवटी तो कुठे जात असे, हे कोणाला ठाऊक नव्हते. आपल्याकडून गेला, एवढे प्रत्येकाला पुरत होते.

एक नियम मात्र कडक होता. ज्याच्या खांद्यावर दांडी आली त्याने ती समोरच्याच्या खांद्यावरच द्यायची, मधे भुईला टेकवायची नाही. टेकवली तर गाड्यातले सगळे त्याच्या घरात उतरते. सारजाला हे कोणी पटवून द्यावे लागले नव्हते. तिचे पहिले मूल नुकते बसायला लागले होते, त्या आषाढात तिचा दीर म्हस्कू याने बिडी पेटवण्यापुरती दांडी खाली ठेवली होती. श्रावण लागायच्या आत मूल हगवणीने गेले. ती म्हस्कूला कधी एका शब्दाने बोलली नाही. म्हस्कूने पुन्हा बिडीला हात लावला नाही.

आता या सगळ्याला भाव आला होता. कोरेगव्हाण शहराच्या हद्दीत जाणार होते, आणि हद्द गावाच्या जुन्या शिवेपर्यंत धरायची असे ठरले होते. शीव हिवराच्या झाडापाशी आहे, सारजाच्या घराच्याही पलीकडे, हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होते. तिथे शिवेचा धोंडा होता. पण रस्ता रुंद करताना तो उपटला गेला आणि रविराजच्या बंगल्याच्या हिरवळीवर जाऊन बसला. रविराज म्हणजे गावच्या जुन्या कारभाऱ्यांचा नातू आणि 'गव्हाण हेरिटेज'चा मालक. धोंडा त्याच्याकडे आहे हेही सगळ्यांना माहीत होते. पण जागेवरून हललेला दगड साक्ष देऊ शकत नाही, आणि जागेवर असलेली माणसे देत नाहीत.

हिशोब सोपा होता. शीव हिवरापाशी धरली तर माळ गावात येत होता. वस्ती कायम होणार, नळ येणार, घरे माणसांच्या नावावर लागणार. मग शहराला हव्या असलेल्या कचरा डेपोला जागा उरत होती ती रविराजच्या नव्या इमारतींमागची सरकारी पड. शीव अलीकडे, ओढ्याच्या मोरीपाशी धरली, की माळ गावाबाहेर, वस्ती बेकायदा आणि डेपोला जागा तयार. हद्द ठरवायला आलेले साहेब सज्जन होते. खुणेचा दगड नाही, तेव्हा वहिवाट पाहू, असे ते म्हणाले. रविराजने हात जोडून सांगितले, "सायब, आमच्या गावात शीव कागदावर न्हाय, गाड्यावर ठरती. गाडा जितं पलीकडची मानसं सामोरी घेत्यात, तितं शीव." परंपरेविषयीचा हा आदर पाहून साहेब भारावले.

यात एक मेख होती, आणि ती सारजाच्या घराण्यानेच ठोकली होती. गावचे लोक शिवेच्या जवळ यायला घाबरत. मोरीपाशी आले की ते तिथेच घुटमळायचे. ते बघून सारजाच्या सासऱ्याला दया यायची, आणि थोडा अभिमानही वाटायचा. "भित्री मानसं हायत. आपुनच जाऊ पुढं," असे म्हणून तो हिवरापासून मोरीपर्यंत चालत जाई आणि तिथेच गाडा खांद्यावर घेई. त्याच्यामागे त्याची मुले तसेच करत राहिली. दोन पिढ्यांच्या या सौजन्याने त्यांच्या घरांना गावाबाहेर काढून ठेवले होते, आणि ते आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते.

रविराज आषाढ लागताच माळावर आला. पांढरी गाडी मोरीपाशी ठेवून चालत आला. चिखल नव्हता, तरी बूट जपत आला.

"काकू, यंदा गाडा झोकात काढायचाय," तो म्हणाला. "ढोल हायत, ड्रोन हाय. सायब सोता येनार हायत."

"काढा की दादा."

"तुमी नेमीवानी मोरीपाशी यायचं. कपाळाला लिंब बांधून. शूटिंग हाय म्हनून जरा चांगली लुगडी नेसा."

सारजा पाण्याचा निळा पिंप घासत होती. तिने हात थांबवला नाही. "शीव हिवरापाशी हाय. तुमच्या आज्ज्याला ठावं हुतं."

"आज्जा गेला माझा."

"धोंडा न्हाय गेला. त्येच्यावर तुमची बायकू टाचा घासती म्हनं."

रविराज मनापासून हसला. "काकू, मेंढरं गेली पर तुमची कातर काय गेली न्हाय."

"यंदा आमी हिवरापाशी उभं ऱ्हानार. तितवर आना गाडा. जितं शीव, तितं घेऊ."

"आन् न्हाय आनला तर?"

"तर तुमचं तुमी बघा. दांडी ज्येच्या खांद्यावर, त्येनं बघावं."

रविराजने माळावर नजर फिरवली, पिंपाकडे पाहिले, दारात बसून मेथी निवडणाऱ्या योगिनीकडे पाहिले. योगिनी सारजाची सून. तिला पाचवा महिना होता.

"बरोबर बोललासा," तो म्हणाला. "दांडी ज्येच्या खांद्यावर, त्येनं बघावं." आणि जाता जाता, अगदी आपुलकीने, "सुयोगचं काम चांगलं हाय हां काकू. मुजरा झकास करतो."

मंगळवारी ऊन लवकर तापले. या भागातला आषाढ पावसाच्या नावावर लोकांना नुसता ढगांचा पसारा दाखवतो, आणि त्या दिवशी तोही नव्हता. हिवराखाली सारजा, म्हस्कू आणि वस्तीतली बाकीची माणसे कपाळाला लिंब बांधून उभी होती. योगिनीला घरी बस म्हटले होते. ती आली होती.

गावातला सोहळा त्यांना दिसत नव्हता, ऐकू येत होता. गाड्यात यंदा जुन्या वस्तूंबरोबर नव्याही पडल्या होत्या. संकुलातल्या एका बाईने नवऱ्याची संपलेली इन्सुलिनची पेने ठेवली, दुसरीने मुलाच्या नापास झालेल्या परीक्षेचे हॉलतिकीट. ज्यांनी आयुष्यात शीव पाहिली नव्हती त्यांनाही आपली पीडा दुसऱ्याच्या दारात सोडण्याची कल्पना चटकन समजली. असल्या गोष्टी शिकायला पिढ्या लागत नाहीत.

धूळ जवळ आली. ढोल मोरीपाशी आले आणि थांबले. धूळ बसल्यावर दांडीखालच्या माणसाच्या डोक्यावर काहीतरी चकाकले. ती पगडीची जर होती.

"वैनी," म्हस्कू म्हणाला, "सुयोग्या हाय."

"दिसतंय मला."

सुयोगला सकाळी कामावरच सांगण्यात आले होते: वेषासकट ये, फोटो चांगले येतील. देवळापुढे दांडी त्याच्या खांद्यावर दिली, तेव्हा त्याला कारण कळले. पण नको म्हणण्याची वेळ निघून गेली होती. गाड्याच्या मागच्या दोरांना रविराजच्या व्यायामशाळेतली पोरे होती. मोरीपाशी येताच त्यांनी टाचा रोवल्या. सुयोगने पुढे नेण्याचा एक जोर केला. दोर ताणले, पत्र्याची तलवार त्याच्या मांडीत वाकली, चाक हलले नाही. पोरे हसली.

रविराजचा आवाज कर्ण्यावरून आला. त्याने आता पुस्तकी मराठी घातली होती. "वस्तीतील बंधू-भगिनींनी आपल्या थोर परंपरेनुसार गाडा सामोरा घ्यावा, ही नम्र विनंती."

हिवराखालून कोणी हलले नाही.

विनंती पुन्हा झाली. मग कर्णा बंद झाला आणि नुसती वाट बघणे सुरू झाले. गावच्या लोकांनी छत्र्या उघडल्या. पाण्याच्या बाटल्या फिरल्या. त्या सुयोगपर्यंत आल्या नाहीत, कारण गाडा ओढणाऱ्याने वाटेत पाणी प्यायचे नसते. हा नियम रविराजच्या बरोबर लक्षात होता. दांडी ओल्या बाभळीची होती. सुयोग एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर घेत होता. मग तो ओरडला:

"आये! येऊ नगंस तू! मी ठिवतो खाली! काय हुत न्हाय!"

"ठिवू नगंस!" सारजाचा आवाज माळभर गेला. "सुयोग्या, भुईला टेकवू नगंस!"

हा आवाज सगळ्यांनी ऐकला. रविराजनेही ऐकला, आणि त्याने छत्री मिटून बगलेत धरली, काम संपत आल्यासारखी. त्याचा मरीआईवर विश्वास नव्हता. त्या जमावात बहुधा कोणाचाच नव्हता. पण सारजाच्या विश्वासावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

योगिनीने सासूचा दंड धरला. "आत्या, ठिवू दे त्यास्नी. खोटं हाय ह्ये समदं. मी दवाखान्यात जाती, गोळ्या खाती. मला काय हुनार न्हाय."

सारजाने तिच्या पोटाकडे पाहिले.

"आत्या, घर जाईल."

"व्हय," सारजा म्हणाली.

"तुमी आत्ता गेलासा तर घर जाईल. समजतंय का तुमास्नी?"

"समजतंय गं बाई. मला समदं समजतंय."

म्हस्कू पुढे झाला. "मी जातो वैनी. माझ्यामुळं एकदा..."

"तुमी ऱ्हावा भावजी. पोरगं माझं हाय."

तिने पदर खोचला आणि ती निघाली. हिवरापासून मोरीपर्यंतची वाट तिच्या घरावरूनच जात होती. कुडाला टेकवलेला निळा पिंप, मेंढरांच्या रिकाम्या वाड्याचे काटेरी कुंपण, सासऱ्याने रचलेला दगडी ओटा, असे एकेक मागे पडत गेले. आपण ज्याच्या पुढे जाऊ ते गावाबाहेर पडते, हे ती चालताना जाणत होती. तिने चाल मंदावली नाही, की भरभर केली नाही. वर ड्रोन गुणगुणत होता. संकुलातल्या बायकांनी फोन वर धरले आणि त्यांच्यातली एक हळहळून म्हणाली, "किती ग्रेसफुल चालतात नाही ह्या?"

सुयोगचे ओठ पांढरे पडले होते. "मागं जा आये. अजून कायबी झालं न्हाय. मागं जा."

"सोड."

"न्हाय सोडत."

"सोड लेका. ऊन लागलंया तुला." तिने त्याच्या मानेवरचा घाम पदराने पुसला, वाकली, आणि त्याच्या खांद्याशेजारी आपला खांदा घातला. थोडा वेळ दांडी दोघांच्या खांद्यावर होती. मग तो गुडघ्यावर आला आणि ती एकटीच्या खांद्यावर आली.

साहेब पुढे आले. चेहरा भाविक आणि प्रश्न सरळ. "आजी, दरवर्षी तुम्ही इथेच गाडा घेता का?"

दांडी खांद्यावर असताना खोटे बोलायचे नसते. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, पण सारजाच्या सासूने तो पाळला होता. आणि खोटे तरी काय बोलायचे?

"व्हय," ती म्हणाली. "हितंच घेतो. पर सायब, शीव..."

ढोल कडाडले. साहेबांना हवे ते मिळाले होते. बाकीचे त्यांना खरोखरच ऐकू आले नाही. मोरीपाशी चुन्याची फकी पडली, सरळ आणि स्वच्छ. आबाजी नावाचा गावचा सर्वांत म्हातारा माणूस तिथे होता. त्याने तरुणपणी हिवराखालच्या धोंड्याला शेंदूर लावला होता. त्याने त्या पांढऱ्या रेघेकडे पाहिले, आणि मग सुयोगच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चल पोरा. मागं बघायचं नसतं."

गावाने पाठ फिरवली. कोणीही मागे पाहिले नाही. परंपरा तंतोतंत पाळली गेली.

पुढचे सगळे कायद्याने झाले. दिवाळीच्या आधी वस्ती उठली. डेपोच्या कुंपणापलीकडे पत्र्याची खोपटी टाकून राहायला कोणी हरकत घेतली नाही. कचरा निवडायला माणसे लागतातच. म्हस्कू लेकीकडे गेला आणि तिकडेच वारला. सुयोग पुन्हा फायबरच्या वेशीत उभा राहिला, कारण उभे राहायला दुसरी जागा नव्हती. संकुलातला कचरा घेऊन घंटागाडी निघाली की तिच्यासाठीही दांडा उचलावा लागे. कोणीतरी गमतीने सुचवले, म्हणून तो तिलाही मुजरा करू लागला. जुना गाडा वर्षातून एकदा येई. हा रोज येतो, गाणे वाजवत.

योगिनीला मुलगी झाली, नीट, वेळेवर. सारजाने मरीआईला नारळ फोडला. दांडी भुईला टेकली नव्हती; देवीने शब्द पाळला होता. डेपो पेटायला लागल्यापासून ती मुलगी खोकते. डॉक्टर म्हणतात, जागा बदला.

दुसऱ्या वर्षी आषाढ आला तेव्हा गावापुढे अडचण उभी राहिली. शीव होती, पण सामोरे यायला पलीकडे कोणी नव्हते. रविराजने तोडगा काढला, आणि तो सर्वांना आवडला. देवळापुढे पूजा झाली, फोटो झाले, आणि गाडा उचलून घंटागाडीत ठेवण्यात आला.

त्या दुपारी सारजा ढिगावर प्लास्टिक वेचत होती. गाडीचा हौदा उचलला गेला, आणि भाजीची देठे, डायपर, थर्माकोलच्या पत्रावळ्या यांच्याबरोबर लिंबाचा पाला खाली आला, हिरव्या बांगड्या आल्या, आणि मग उलटासुलटा गाडा. दांडी कचऱ्यावर आपटली.

"खाली न्हाय टेकली," सारजा स्वतःशी मोठ्याने म्हणाली. "भुईला न्हाय टेकली. खाली कचरा हाय." ती गुडघाभर ढिगातून तिथे गेली. गाडा सरळ केला, बांगड्या वेचून आत ठेवल्या. योगिनी खोपटातून ओरडली, "आत्या, न्हाय! त्येला हात लावू नगासा!" तिच्या कडेवर मुलगी खोकत होती. सारजाने तो खोकला ऐकला आणि दांडीखाली खांदा घातला.

बोरकसची शीव तिला पाठ होती. पण तिथे आता उंच भिंत होती. भिंतीत एक फायबरची वेस, आणि वेशीत पगडी घातलेला एक पोरगा. चाकांचा आवाज ऐकून त्याने सवयीने मुजरा केला, मग मोटार नाही हे पाहून हात खाली घेतला.

"आज्जे, हितं कायबी टाकायचं न्हाय."

"टाकत न्हाय बाबा. आत जाऊन सांग, गाडा आलाय. कुनीतरी सामोरं या म्हनावं."

पोराने आत पाहिले. आत गुळगुळीत रस्ता होता, दोन्ही बाजूंना फुलझाडे, आणि माणूस एकही नव्हता.

"कोन येनार आज्जे? हितं कुनाला म्हाईत हाय?"

"तूच घे की मग. तुझ्या वाडवडलांनी घेतलाय."

पोरगा एक पाऊल मागे सरला आणि त्याने आडवा दांडा खाली पाडला.

सारजा तिथेच उभी राहिली. ऊन सरकत गेले. मोटारी आल्या, तिला वळसा घालून आत गेल्या, आणि प्रत्येकीला मुजरा मिळाला. एकीची काच खाली झाली, कोणीतरी तिच्या गाड्यात बिस्किटाचा रिकामा पुडा ठेवला, काच वर झाली. खांदा बधिर झाला तेव्हा तिने दांडी दुसऱ्या खांद्यावर घेतली.